चौथा ठिपका

"लॉक तूच लावलंस," हृषिकेश म्हणाला. बायकोकडे बघून नाही. टीव्हीकडे तोंड करून, मोठ्यानं.

उर्वी सोफ्यावर पाय घेऊन बसलेली. "कोणाला ऐकवतोयस?"

पोरांनो, हे दोघं नवराबायको आपल्या ओळखीतले, इथे परदेशात टार्निटला राहणारे. गोष्ट कालपरवाची, सर्वपित्री अमावस्येची. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. भिंतीवर नवा टीव्ही चढला होता आणि मागच्या खोलीतला, त्याच्या आईचा स्ट्रीमिंगचा बॉक्स त्याला जोडायचा, एवढंच काम.

आईला गाडी येत नव्हती, इंग्रजी येत नव्हतं, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. दिवसभर मराठी मालिका, तेवढाच माणसांचा आवाज. हा घरून काम करायचा. मालिकेतलं रडणं मिटिंगमध्ये घुसायला लागलं, तेव्हा यानं बॉक्सला चार आकडी पिन घातला आणि आईला सांगितलं, उर्वीनं घातलाय, तिला विचार. म्हातारी मानी. सुनेपुढे हात पसरतेय कसली! आपली आपणच आकडे लावत बसायची. लेकाची जन्मतारीख, नातवाची, गेलेल्या नवऱ्याची. हा बायकोला हसत म्हणाला होता, "पिन तिच्याच वाढदिवसाचा आहे. तिला मेली तरी सुचायचा नाही."

नाही सुचला. गेल्या वर्षी जूनमध्ये, इकडच्या हिवाळ्यात, म्हातारी टीव्हीसमोरच्या खुर्चीतच गेली. मुठीत रिमोट, समोर 'चुकीचा पिन'.

असले लेक असतात.

तर त्या रात्री यानं बॉक्स आधी पार पुसून कोरा केला. कोऱ्या बॉक्सला पिन नसतो. वायर लावली, वायफाय दिलं... आणि बॉक्सनं पिन मागितला. वायर बदलली. प्लग काढून परत घातला. पुन्हा पिन.

मग स्क्रीनवर पिनच्या चार ठिपक्यांतला एक आपोआप भरला.

रिमोट याच्या हातात होता. त्यानं सेल काढले.

दुसरा ठिपका. तिसरा. चौथा. 'चुकीचा पिन'.

थोडं थांबून... परत पहिला.

तेव्हापासून तो ओरडत होता. लॉक उर्वीनं लावलं. उर्वीनंच.

पुन्हा चुकीचा. आता ठिपके सावकाश येऊ लागले. म्हातारं बोट बटण शोधतं, तसे.

एक.

दोन...

तीन.

मग काहीच नाही. हृषिकेशच्या जिवात जीव आला. "तिला नाही सुचणार," तो पुटपुटला.

चौथा भरला.

लॉक उघडलं. मालिकेतली बाई रडायला लागली, जिथं थांबली होती तिथूनच.

सेल त्याच्या मुठीत होते. "तिला... कसं..."

"दुपारी आईंचं पान ठेवलं तर कावळा शिवेना," उर्वी शांतपणे म्हणाली, "म्हणून लॉक कोणी लावलं आणि आकडा कुठला, ते मी अंगणात उभं राहून मोठ्यानं सांगितलं, तेव्हा शिवला."