चौथी फॉइल

शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तो चौथ्यांदा फॉइल बदलून मागायला आला.

फॉइल म्हणजे सोन्याचा पापुद्रा, नुसत्या श्वासाने थरथरणारा. प्रयोगशाळेत असे पापुद्रे ती एकटीच बनवायची. एकेकाला तीन दिवस. त्याचं काम उलटं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची सैलसर जोडी म्हणजे ड्यूटेरॉन. हा ड्यूटेरॉन यंत्रातून वेगाने त्या सोन्यावर सोडायचा आणि जोडी फुटली की दोघं कुठल्या कोनात गेले ते मोजायचं. शेवटचा एक कोन उरला होता. यंत्र संध्याकाळी सहापर्यंतच त्याचं; पुढची पाळी आठ महिन्यांनी.

“परत फाटली?” तिने मान वर न करता विचारलं.

“हो ना... हवा काढताना. झडप जरा जोरात—”

“तुम्हाला पगार ड्यूटेरॉन फोडायचा मिळतो. माझ्या फॉइल फोडायचा नाही.”

“सवय लागली की हात आवरत नाही.”

फाटलेली दिल्याशिवाय नवी द्यायची नाही, हा तिचा नियम. तिने हात पुढे केला. त्याने डबी ठेवली. तिने झाकण काढलं, चौकट उजेडात धरली, उलटीसुलटी करून पाहिली.

“कुठे फाटलीय?”

“तुम्ही डबी उघडाल असं वाटलं नव्हतं.”

“मी नेहमी उघडते. चांगली फॉइल काढून आणलीत? कोन बाकी असताना?”

“डिटेक्टर हलवायला तीनपर्यंत यंत्र बंदच आहे. आणि उद्यापासून इथे यायला मला कारण उरणार नाही...”

तिने घड्याळ पाहिलं, डबी उचलली. “चला. झडप मी फिरवते.”

फॉइल ज्यात बसवतात त्या चेंबरमधली हवा हळूहळू काढायला वीस मिनिटं लागतात. झडपेवरचा हात काढता येत नाही, त्यामुळे तिला कुठे जाताही येत नव्हतं. तो शेजारी उभा राहून दाबाचा काटा बघत होता. काटा कमी, तिला जास्त.

“पहिल्या तिन्ही खरंच फाटल्या होत्या?”

“दोन. तिसरीवर मी... फुंकर मारली.”

“तीन दिवस राबले होते मी!”

“माहीत आहे. म्हणून चौथी फाडवेना.” तो थांबला. “मला तुम्ही आवडता. फॉइल नसली तरी.”

भिंतीवरचा स्पीकर खाकरला. कंट्रोल रूममधले यंत्रचालक. तिचे वडील.

“झालं का गं?”

“बाबा! दहा मिनिटं!”

“मी झडपेचं विचारतोय. बाकीचं होऊ दे सावकाश.”

तिचे कान लाल झाले. झडप मात्र तसूभर हलली नाही.

“काम संपलं की फॉइल परत आणून द्या,” ती काट्याकडे बघत म्हणाली. “न फाटता. मग बोलू.”

तीनला ड्यूटेरॉनचा बीम सुरू झाला. सहापर्यंत प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या दोन हजार एकशे चार जोड्या टिपल्या गेल्या. शेवटचा कोन पुरा झाला.

फॉइलची खोली रोज साडेपाचला बंद होते. सव्वासहाला तिथे दिवा होता, आणि तिचे वडील एकटेच फाटकाबाहेर पडले. किरणोत्सर्ग उतरल्यावर सहा चाळीसला यंत्राच्या हॉलचं दार उघडलं. चेंबरमध्ये हवा परत सोडायलाही वीस मिनिटं लागतात. आत्ता सहा बावन्न झालेत. झडपेवर त्याचा हात आहे. फॉइल अजून शाबूत आहे.