यामिनीताईची तहान

"दाजी, श्वास ताई घेतेय की मशीन?"

सुयशने हे मेव्हण्याला विचारलं, डॉक्टरला विचारलं, एकदा तर लिफ्टवाल्यालाही विचारलं.

हा सुयश आपल्या डमडमच्या बिल्डिंगमधला, तिसऱ्या मजल्यावरचा. नववीत शाळा सुटलेला, डोक्याने तापट. आईवडील लवकर गेले, वाढवलं ते यामिनीताईने. ताई बँकेत ऑफिसर. बदली होऊन कलकत्त्याला आली, तेव्हा नवऱ्याबरोबर भावालाही घेऊन आली. गेल्या वर्षी दसरा झाला आणि ऑफिसातच तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, आता ती शुद्धीवर यायची नाही. तोंडातली नळी आणि मशीन आहे तोवर छाती हलत राहील. थांबवायचं का, ते तुम्ही ठरवा.

तिचा नवरा शरद मान डोलावणार, तोच सुयशने त्याची कॉलर धरली.

"तुमची बायको असेल, दाजी. माझी आई आहे ती."

मशीन चालू राहिलं.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री, म्हणजे इथल्या कालीपूजेला, शरद म्हणाला, "घरी जाऊन दिवा तेवढा लावून ये रे. सणाला घर अंधारात ठेवलेलं तिला चालायचं नाही."

सुयश आला. समई लावली. बाहेर फटाके थांबत नव्हते. दमलेला पोरगा, भिंतीला टेकला आणि त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा सगळं शांत होतं. स्वयंपाकघरात नळ वाहत होता. मग बंद झाला. मग...

फुस्स.

हसू नका रे. आयसीयूबाहेर जो बसलाय ना, त्याला विचारा हा मशीनचा आवाज.

फुस्स... मग काही नाही... फुस्स.

ओट्यापाशी ताई उभी होती. अंगात हॉस्पिटलचा गाऊन. तोंडात नळी. गालांवर पांढरी चिकटपट्टी. तिने पेला ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून खाली. पुन्हा भरला. पुन्हा खाली.

"ताई... थांब. मी पाजतो."

त्याने चमचा घेतला. नळीच्या या बाजूने बघितलं. त्या बाजूने बघितलं. जागाच नव्हती.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याने शरदला फोन लावला. "दाजी, काढा ते."

"काय झालं?"

"तिला तहान लागलीय."

"सकाळीच डॉक्टरांशी बोलतो," शरद म्हणाला.

पण काढा म्हटल्यावर लगेच निघतंय थोडंच? आणखी डॉक्टरांचं मंडळ बसायला हवं, सह्या हव्यात, त्यात सणाच्या सुट्ट्या. दुसऱ्या रात्रीही ताई आली. पेला भरत राहिली. सुयश दारात उभा राहिला. दुसरं काय करणार?

भाऊबीजेला नळी काढली. छाती थांबली. सुयशने चमच्याने गंगेचं पाणी तिच्या तोंडात घातलं. आता जागा होती. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं.

स्मशानघाटावरून दोघं घरी परतले. ओट्यावर पेला होता. त्याच्या काठाला हॉस्पिटलची पांढरी चिकटपट्टी. पट्टीला ताईचे दोन लांब केस चिकटलेले.

"हे... कुणी आणलं?" शरदने विचारलं.

सुयश खाली बसला, पेला मांडीवर घेतला आणि नखाने ती पट्टी सोडवू लागला. हळू... अगदी हळू. तिला दुखू नये म्हणून.