पाचवा आवाज

माझी बहीण गौतमी रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, मी तिथंच क्वालिटीला. कारेगावात आई आणि आम्ही दोघं भाड्याच्या खोलीत राहायचो. गौतमीचा गळा गोड. विहारात वंदनेला तिलाच पुढं बसवायचे.

कंपनीच्या कार्यक्रमासाठी तिनं एक इंग्रजी गाणं बसवलं. आयर्लंडच्या चार पोरींचं, जुनं, नाचायच्या ठेक्याचं. अर्थ कळत नव्हता. मोबाईलवर ऐकून ऐकून तिनं पाठ केलं. स्टेजवर म्हटलं, शिट्ट्या पडल्या. सकाळी उठली तर तोंडातून शब्द फुटेना.

शिरूरच्या डॉक्टरांनी घसा तपासला. म्हणाले, "घशात दोष काहीच नाही."

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या बसमध्ये तेच गाणं लागलं. दुसऱ्या कडव्यात मी दचकलो. चौघींच्या मागं पाचवा आवाज होता. 'र' जरा जड. आमच्या गौतमीचा.

मी टपरीवाल्या भिमाच्या मोबाईलवर लावून बघितलं. तिथंही ती होती.

"ह्यात पोरी किती गात्यात रं?"

"पाच. पहिल्यापास्नं पाचच हायेत की," भिमा म्हणाला.

घरी आईला ऐकवलं. ती रडली. मग म्हणाली, "परत लाव."

त्यानंतर गाणं दिवसभर चालू. गौतमी मान हलवायची, हात जोडायची, मोबाईल हिसकायला बघायची. आई तिला ढकलायची.

एकदा तिच्या हातून ताट फरशीवर पडलं. गरगर फिरलं, थांबलं. आवाज झालाच नाही. त्या संध्याकाळी गाण्यात एक नवी झांज वाजली.

"आये, बंद कर ते. तिला खातंय ते गाणं."

"कुणाला? ही तर मुकी बसलीय. माझी लेक गातीय न्हवं!"

परवा दुपारी ड्यूटीवरून आलो. दाराला आतून कडी. गौतमी बाहेर उभी राहून दोन्ही तळव्यांनी पत्र्याचं दार बडवत होती. कातडी फाटली होती. दार हादरत होतं.

आवाज नव्हता.

मी खिडकीतून ओरडलो, "आये, कडी काढ!"

आईनं डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आज लई ग्वाड गातीय."

गाण्यात आता पत्र्यावर थापा पडत होत्या. भराभर.

आई मांडीवर त्यांचा ठेका धरत होती.