वाऱ्याची दोन भोकं

"…दार आतूनच लावलेलं होतं, ते खरं. पण खालच्या फटीतली चिंधी म्हणे बाहेरून…"

एवढंच कानावर पडलं. उशीच्या खोळी आणायला मी शिंप्याकडे गेले होते. पडद्याआड दोघी बोलत होत्या. मला बघून शिंपी मुद्दाम खाकरला आणि पडद्याआड एकदम सामसूम झाली. आमच्या गल्लीत माझी ख्यातीच अशी आहे. मी आले की लोक बोलायचे थांबतात आणि मी गेले की पुन्हा सुरू होतात. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण अर्धी ऐकलेली गोष्ट म्हणजे दातात अडकलेला तंतू, जीभ सारखी तिकडेच जाते.

दार कुठलं आणि चिंधी कुठली, हे मला कुणी सांगायला नको होतं. ते दार माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं.

शेजारचे मिस्त्री घराच्या गॅरेजात खुर्च्या-टेबलं करायचे. गाडी त्या गॅरेजाने कधी पाहिली नाही. गेल्या हिवाळ्यात काम करता करता त्यांनी कोळशाची शेगडी पेटवली, थंडीसाठी दार घट्ट लावून घेतलं, आणि सकाळी दार फोडलं तेव्हा ते रंध्यावर डोकं टेकून बसलेले होते. शेगडीचा वायू. अपघात, असंच सगळे म्हणाले. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, तेव्हापासून जवळजवळ बोलायच्याच बंद झाल्या.

या वर्षी त्यांची धाकटी लेक नोकरी सोडून परत आली. बापाची हत्यारं तिच्या हाती लहानपणापासून होती. ती म्हणाली, वर्कशॉप मीच चालवणार. आणि कामाला लागली.

मी चहा घेऊन पाहायला गेले.

"काकू, चहा द्यायला आलात की पाहणी करायला?"

"पाहणी करायला. चहा निमित्ताला."

ती हसली. खोटं कशाला बोला, पोरीने काम झकास केलं होतं. भिंतींना आतून फळ्या मारलेल्या, फळ्यांमागे थंडी अडवायला काचेची पिवळी लोकर ठासून भरलेली. ("हात लावू नका, दोन दिवस खाजवत बसाल.") शेगडीच्या जागी विजेचा हीटर. खिडकी विटांनी बुजवली होती, कारण गल्लीत दोन ठिकाणी चोऱ्या झाल्या होत्या आणि बापाच्या पटाश्या तिला जिवापाड. दाराला लोखंडी पत्रा आणि आतून दोन अडसर, एक वर आणि एक खाली.

"अगं, ही काय तिजोरी आहे?"

"तिजोरीच. पण श्वास घेणारी." तिने बोट दाखवलं. दाराशेजारी जमिनीलगत एक भोक आणि मागच्या भिंतीत छताखाली दुसरं. दोन्हींवर जाळी. "खालून हवा आत, वरून बाहेर. बाबांच्या वेळी हे नव्हतं. आता कुणी काहीही म्हणो काकू, ही दोन भोकं बंद व्हायची नाहीत."

माझ्या जिभेवर शिंप्याकडची गोष्ट आली होती. तिचा चेहरा पाहिला आणि मी ती गिळली. मला ओळखणारे विश्वास ठेवणार नाहीत, पण गिळली.

चार-पाच दिवसांनी धाकटी सकाळी सकाळी माझ्या दारात. हातात चिंध्यांचा बोळा.

"काकू, तुमच्या खिडकीतून काही दिसतं का हो रात्री-बेरात्री? कुणीतरी भोकं बुजवतंय. दोन्ही. जाळीच्या एकेका घरातून टोकदार काहीतरी घालून एकेक पट्टी आत ढकललीये. इतकं निगुतीने, की मुलांची मस्ती नाही वाटत."

"चोर असेल. आत कुणी आहे का बघत असेल."

"चोर चिंध्या काढेल हो. कोंबेल कशाला?"

तिने चिंध्या काढल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा होत्या. तिने जाळी बदलून बारीक घराची लावली, दाराला आणखी एक कुलूप चढवलं. चिंध्या थांबल्या नाहीत, फक्त पट्ट्या बारीक झाल्या. आईला विचारलंस का, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाली, "आईला काय विचारू? ती गॅरेजकडे बघतसुद्धा नाही."

मग तो दिवस आला. थंडी अशी, की नळाखाली हात धरवेना. दुपारी धाकटी कुंपणावरून ओरडली, "काकू, हीटरने जीव सोडला! तार जळाली. वायरमन उद्या म्हणतोय."

"मग आज ठेव काम."

"कशी ठेवू? बारा खुर्च्यांचे सांधे जोडायचेत. आणि गारठ्यात सरस धरत नाही, सांधा उद्याच्या उद्या निखळेल. बाबांची शेगडी काढते."

"शेगडी नको गं पोरी."

"भोकं आहेत ना! सकाळीच साफ केलीत. बाबांचं आणि माझं एकच का आहे?" आणि ती आत गेली. दाराचे दोन्ही अडसर सरकल्याचा आवाज मी माझ्या ओट्याशी उभी राहून ऐकला. खट. खट.

संध्याकाळी, नुकते दिवे लागले होते, मी कणीक मळत होते. खिडकीबाहेर धुकं उतरलं होतं. धुक्याला कोळशाचा आणि शिजणाऱ्या सरसाचा वास होता, जुन्या हाडांसारखा. आतून हातोडीचा आवाज येत होता तो कधी थांबला, ते माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते दुसरंच. गॅरेजच्या भिंतीशी, जमिनीलगत, कुणीतरी उकिडवं बसलं होतं.

मी पिठाच्या हातानेच बाहेर पडले.

वहिनी होत्या. एका हातात विणायची सुई, मांडीवर फाडलेल्या चादरीच्या पट्ट्या. मन लावून, बाळाला दूध पाजावं तशा एकेक पट्टी जाळीतून आत सारत होत्या. शेजारी स्टूल होतं, त्याचे पाय मागच्या अंगणाच्या चिखलाने भरलेले. म्हणजे वरचं भोक आधीच झालं होतं.

"वहिनी! काय करताय हे? आत पोर आहे!"

त्यांनी वर पाहिलं. डोळे अगदी शांत. "थंडी वाजतेय हो तिला."

"कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली. आतून हाक मारते ना. आधी ह्यांची हाक यायची… रोज. आज ती." त्यांनी पट्टी उचलली. "गेल्या वर्षीपण दिवेलागणीला यांनी अशीच हाक मारली. 'गार येतंय गं… फट बंद कर.' मी बंद केली. माणूस कुडकुडत असताना बायको काय करील, ताई?"

म्हणजे शिंप्याकडची गोष्ट खरी होती. चिंधी बाहेरूनच गेली होती. आणि तेवढ्यात भोकातून आवाज आला.

"काकू…"

धाकटीचा. अगदी तिचाच, 'का' लांबवणारा.

"काकू… गार येतंय हो. तेवढं बंद करा ना."

तुम्हांला खोटं सांगत नाही, माझा हात पट्टीकडे गेला. तिला लहानपणी मीच अंघोळीनंतर टॉवेलात गुंडाळायचे. कुडकुडणाऱ्या लेकराचा आवाज ऐकला की हात डोक्याला विचारत नाहीत. पट्टी माझ्या बोटांत आली होती. तिला कोळशाचा वास होता, आणि त्या वासानेच मी भानावर आले.

"धाकटे, दार उघड आधी," मी म्हणाले.

"दार नको… गार येईल."

मी जाळीतला बोळा उपसला, गाल जमिनीला टेकवला आणि मोबाईलचा उजेड आत टाकला. आतून गरम वाफेचा झोत तोंडावर आला. आधी शेगडी दिसली, लालभडक. मग खुर्च्यांचे पाय. त्यांच्या पलीकडे, मागच्या भिंतीशी, धाकटी पालथी पडली होती. एक हात पुढे, दुसरा अंगाखाली. तोंड माझ्याकडे वळलेलं. ओठ मिटलेले.

"काकू…"

आवाज तिथून आला नाही. तो जाळीच्या लगेच पलीकडून आला, माझ्या कानापासून वीतभर अंतरावरून. तिथे उजेडात फक्त मोकळी फरशी होती.

मी कशी ओरडले ते मला आठवत नाही. आमचे हे पहार घेऊन धावत आले, एवढं आठवतं. दार पोरीने खरंच तिजोरीसारखं केलं होतं, पत्रा वाकेना. शेवटी भोकाच्या कडेचं नवं सिमेंट कच्चं होतं, तिथे त्यांनी घाव घातले. दोन विटा निखळल्या. खालचा अडसर हात घालून काढला, वरचा पहारीने उचकटला. तेवढा वेळ आतून विनवणी चालूच होती. "नका ना हो… गार येतंय… नका ना…" आणि वहिनी माझा पदर ओढत होत्या, "ऐका ना तिचं, ऐका ना."

आमच्या ह्यांना तो आवाज ऐकू आला का, हे मी आजवर विचारलेलं नाही. जगात मी न विचारलेला तो एकच प्रश्न असेल.

आम्ही पोरीला अंगणात ओढलं. श्वास होता, दोऱ्याएवढा.

दवाखान्याच्या बाकावर रात्रभर वहिनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसल्या. रडल्या नाहीत. एकच वाक्य पुन्हा पुन्हा. "मी मारलं का हो त्यांना? लोक म्हणतात ते खरं का?"

आणि मग मला आठवलं. गेल्या वर्षी डॉक्टरांना मीच खोदून विचारलं होतं, दुसरं कोण विचारणार. ते म्हणाले होते, मिस्त्री दुपारीच गेले, जेवण पोटात तसंच होतं. वहिनींनी चिंधी कोंबली ती दिवेलागणीला.

"तुम्ही नाही मारलं," मी त्यांना सांगितलं. "तुम्ही फट बुजवलीत तेव्हा ते केव्हाच गेले होते."

त्यांच्या अंगातून एक मोठा निःश्वास बाहेर पडला. पुढचं मी त्यांना सांगितलं नाही. त्या संध्याकाळी ज्याला गार वाटत होतं, ते मिस्त्री नव्हते.

शिंप्याकडच्या बायका आता माझ्यासमोर गप्प होत नाहीत, उलट खुर्ची देतात. चिंधी बाहेरून होती का, विचारतात. मी म्हणते, होती. मग वहिनींनीच… असं सुरू करतात. मी म्हणते, नाही. त्यापुढे मी काही बोलत नाही, आणि माझ्यासारखी बाई गप्प बसते म्हटल्यावर त्याही विषय बदलतात.

धाकटी घरी आली. हिंडते-फिरते, जेवते, सगळ्यांना ओळखते. फक्त बोलत नाही. डॉक्टरांनी घसा तपासला, डोकं तपासलं. म्हणाले, घशात काही बिघाड नाही, आवाज यायला हवा. पण येत नाही. गॅरेजला वहिनींच्या भावाने बाहेरून विटांचा थर घातला. दार गेलं, भोकं गेली. विटांच्या सांध्यात एक बारीक भेग तेवढी राहिलीये.

परवा दुपारी ऊन पडलं होतं. धाकटी माझ्या पायरीवर बसून मटार सोलत होती. मी एकटीच बडबडत होते, तिच्या वाटचंही मीच बोलते हल्ली. बोलता बोलता मी थांबले.

"काकू…" गॅरेजच्या भिंतीपलीकडून आलं. 'का' लांबवलेला. "गार येतंय हो…"

धाकटीचे हात थांबले. म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. दूरच्या खोलीतून आपलंच मूल रडताना ऐकावं, तशी ती मान कलती करून ऐकत राहिली. मी तिचं मनगट धरलं. तिने ते हळूच सोडवून घेतलं, माझ्याकडे बघून हसली आणि घरात गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझी जुनी चादर होती. गॅरेजकडे चालता चालताच ती तिच्या पट्ट्या फाडत होती.