साल्कान्तायची उलटी वाट

मृणालिनी आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर, तर शैलेंद्र डब्लिनला, ग्रँड कॅनाल डॉकच्या एका ऑफिसात. संसार शनिवार-रविवारचा! म्हणून मार्च २०२० च्या आरंभी दोघांनी दहा दिवसांची रजा जुळवून आणली आणि थेट पेरूमधलं कुस्को गाठलं. तिथून साल्कान्तायची खिंड ओलांडून पायी माचू पिचूला जायचं, असा बेत होता.

"दोन दिवस कुस्कोत नुसतं बसा, हवा विरळ आहे," खेचरवाला एउसेबिओ मोडक्या इंग्रजीत म्हणाला. बसतंय कोण! सह्याद्रीतले सत्तर किल्ले पायाखाली घातलेली जोडी ही. शिवाय आयर्लंडच्या टेकड्यांवर हिवाळाभर पावसात सराव केलेला. साक्सायवामानच्या इंका किल्ल्याचे हत्तीएवढे दगड, इंकांच्या देवळांच्या पायावर उभी राहिलेली चर्च, सगळं एका दिवसात उरकून दोघं खिंडीच्या वाटेला लागली. मृणालिनीला तरी कळायला हवं होतं, पण हौसेपायी तिनेही अक्कल गहाण टाकली.

खिंडीजवळ शैलेंद्रची पावलं दारुड्यासारखी पडू लागली. ओठ निळे पडले.

"शैलू, खाली उतरायचं. आत्ता!"

"आय ॲम ग्रँड! ठणठणीत आहे मी! मला अडवणारी तू कोण गं?"

विरळ हवेने मेंदूला सूज! तिने त्याचा दंड धरला आणि त्याने काठी फिरवली. फाड्! तिचा ओठ फाटला. दुसरा फटका गालावर. एउसेबिओने त्याला मागून मिठी मारली. तिने नवऱ्याला लाथ घालून पाडलं, छातीवर बसून सूज उतरवणारं इंजेक्शन टोचलं आणि दोघांनी त्याला खेचरावर करकचून बांधलं. तो शिव्या देत थुंकत होता. तो मरेल याची तिला भीती वाटत होती आणि खुद्द त्याचीही भीती वाटत होती.

आता खाली, लवकरात लवकर! नाहीतर तो उद्याची सकाळ पाहणार नव्हता. पायवाट डोंगराला वळसे घालत जाई, ओढा मात्र सरळ उतरे. ओढा धरला की गाव लागतंच, हे तिचं सह्याद्रीतलं शहाणपण.

"ओढ्यात नको, डॉक्टर! पाऊस झालाय. हा ओढा डोंगर घेऊन येतो!"

"वेळ नाहीये! चल म्हणते ना!"

अर्ध्यात जमीन थरथरली. वरून गडगडाट! चिखल आणि शिळांची काळी भिंत वळणावर आदळली. "वर! वर!" खेचराचे पाय रुतले. एउसेबिओने सुरीने दोर कापले, मृणालिनीने शैलेंद्रला कॉलर धरून कडेच्या खडकावर ओढलं. खेचर एकदाच ओरडलं. मग तिथे खेचरही नव्हतं आणि ओढाही नव्हता. एउसेबिओ मटकन बसून रडू लागला. तिला मान वर करवेना.

पुढे मुकाट पायवाट. पाच तास दोघांनी शैलेंद्रला आळीपाळीने पाठुंगळी घेत, फरफटत उतरवलं. रस्त्याला लागेपर्यंत तो तिला नावाने हाक मारू लागला होता. माचू पिचू डोंगरापलीकडे राहिलं. तिने वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या सकाळी कुस्कोच्या हॉस्पिटलात त्याने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"मृणा, तोंड केवढं सुजलंय! कोणी मारलं?"

पडले म्हणून सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

"तू."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने तिच्या गालाकडे हात नेला आणि ती दचकून मागे सरली. हात तसाच खाली आला. मग तिने तो दोन्ही हातांत घेतला, आपल्या सुजऱ्या गालावर ठेवला आणि हमसाहमशी रडली.