सहाव्या आत्याचा जोडा

"नाव बोल," सहावी आत्या म्हणाली आणि हातातला जुना जोडा विटेवर आपटून तिने त्याची धूळ झटकली.

"याउ चाकलाम!" पुईसान दात-ओठ खात म्हणाली. "पुन्हा सांगू? याउ... चाक... लाम! नीट लिहा हं आत्या, नाहीतर भलत्याच कुणा गरिबाला मार बसायचा."

तिच्या अगदी मागे एक उंच, चष्मेवाला तरुण जेवणाचा डबा घेऊन उभा होता. नाव कानावर पडलं आणि डबा असा हिंदकळला, की गरम सूप थेट पॅंटवर.

आत्याने मान वर केली. पुईसानच्या खांद्यावरून त्या तरुणाकडे बघितलं. मग समोरच्या कागदी माणसाकडे बघितलं. हाँगकाँगच्या त्या उड्डाणपुलाखाली झाडून सगळे तिला सहावी आत्या म्हणायचे, पण तिचा सख्खा भाचा जगात एकच. तो आत्ता सूप सांडून उभा होता, आणि त्याचंच नाव तिने आत्ता कागदावर लिहिलं होतं.

दुसरी कुणी असती तर जोडा खाली ठेवला असता. ही सहावी आत्या होती.

"लिहिलं," ती गोड हसली. "काय केलंय मेल्याने?"

"काय नाही केलं ते विचारा!"

पहिल्या गडगडाटाला जमिनीतले किडे जागे होतात, तो हा दिवस. त्या दिवशी पुलाखाली मुंगीला वाट मिळत नाही. कुणी सासूचं नाव घेऊन येतं, कुणी साहेबाचं, कुणी दुसरीशी लग्न करून बसलेल्या प्रियकराचं. आत्या त्या नावाचा कागदी माणूस विटेवर ठेवते आणि जोड्याने बदडते. मग वर्षभर म्हणे तो माणूस वाटेला जात नाही.

"ऐका," पुईसान म्हणाली. "मी मलेशियातल्या इपोची. कॉलेज संपलं, इथल्या गुंतवणूक कंपनीत नोकरी लागली. बाबांच्या कॉफीच्या दुकानात सगळ्या काकांनी पैजा लावल्यात, पोरगी उन्हाळ्याआधी रडत परत येणार म्हणून! इथे खोली केवढी, तर पलंगावरून उतरायचं असेल तर आधी दार उघडावं लागतं. ते सोसलं. पण हा माणूस! बाविसाव्या मजल्यावर बसतो. मी अजून तोंडसुद्धा पाहिलं नाही त्याचं. मी लिहिलेला रिपोर्ट गिऱ्हाइकांकडे जाण्याआधी हा तपासणार. आणि दर वेळी परत! 'नक्की' लिहिलं, की खोडतो. त्याजागी काय? 'शक्यता आहे'! आत्या, शुक्रवारी माझी नोकरी पक्की होणार की नाही ते ठरणार. तोवर रिपोर्ट गेला नाही तर मी गेले. इपोला. काकांसमोर!"

"अरेरे," आत्या म्हणाली आणि जोडा उचलला. "हाणते ह्याच्या हाताला, खोडतोस काय पोरीचं अक्षर! हाणते ह्याच्या डोक्याला, डोकंच फिरलंय! हाणते ह्याच्या पायाला, मुलगी बघायला चल म्हटलं की पळतोय!"

"ते शेवटचं मी नव्हतं सांगितलं," पुईसान म्हणाली.

"ते माझ्याकडून. फुकट."

मागून ठसका लागल्याचा आवाज आला. पुईसान गर्रकन वळली.

"हसायला काय झालं?"

"नाही... ठसका... लागला."

"माझ्याच वेळी लागला? तुम्ही कुणाला बदडायला आलात?"

"माझा..." त्याने विटेवरच्या चोळामोळा झालेल्या कागदाकडे बघितलं. "माझा नंबर लागून गेला बहुतेक."

"ए पोरा," आत्या म्हणाली, "सूप तर सांडलंसच. आता हिला नेऊन काहीतरी खाऊ घाल. रागारागात उपाशी आहे."

"तुम्ही ओळखता ह्यांना?"

"डबा आणतो अधूनमधून," आत्या म्हणाली. खोटं एक अक्षर नव्हतं.

*

कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात वेटरने दोन पेले असे आपटले, की टेबल शहारलं.

"बघा!" पुईसान म्हणाली. "मी काय घोडं मारलंय याचं?"

"तो सगळ्यांवरच चिडतो. तुम्ही लाडक्या वगैरे नाही."

ती हसणार होती... पण तिला हसायचं नव्हतं. तिने लोण्याचा जाड काप घातलेल्या गोड बनचा मोठ्ठा लचका तोडला. बाहेर ट्राम टिंग टिंग करत गेली. समोरचा मुलगा ओल्या पॅंटवर कागदी रुमाल दाबत होता, आणि चष्म्याच्या वरून चोरून बघत होता.

"तुमचं नाव काय?"

"घरी आ-लाम म्हणतात."

"लाम? त्या राक्षसाच्या नावातपण लाम आहे. पण तुमच्यावर नाही राग काढणार. तुम्ही भले दिसता." लोणी तिच्या हनुवटीला लागलं होतं. त्याने रुमाल पुढे केला... आणि मध्येच थांबून टेबलावर ठेवला. "तो कसा असेल सांगू? पन्नाशीचा. टकला. बायको कंटाळून माहेरी गेलेली."

त्याचा हात आपोआप केसांकडे गेला. "केस असतील हो. शक्यता आहे."

"तुम्ही त्याची बाजू का घेताय?"

"नाही, म्हणजे... कदाचित त्या बिचाऱ्याचीही..."

"बिचारा?"

"...मान अडकत असेल. कुणी तुमचं 'नक्की' वाचून घरदार गुंतवलं आणि बुडालं, तर?"

"बुडणार नाही! मी खुर्चीत बसून नाही लिहिलं. शाम शुई पो भागातल्या खानावळींत फिरले, मागच्या दाराने आत गेले, आचाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, एकेकाला विचारलं, की..."

"मग तेच लिहा ना!" तो एकदम पुढे वाकला. डोळे लकाकत होते, आणि पुईसानला उगाच वाटलं, किती छान दिसतो हा असा! "सॉसची जुनी बाटली कुणी टाकली, नवी का घेतली, आचारी काय म्हणाला... त्यातलं एक वाक्य नाहीये त्यात. नुसतं 'विक्री नक्की दुप्पट होणार'. मी तरी कसा..."

तो थांबला.

पुईसानही थांबली. बनचा तुकडा गालातच राहिला.

"सॉस?" ती हळूच म्हणाली. "मी सॉस कधी म्हणाले?"

आता त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी लाल, मग पांढरा, मग चष्मा काढून पुसणं, मग तोच चष्मा उलटा घालणं.

"याउ चाकलाम," ती म्हणाली.

"हो."

"मी मघापासून तुला तोंडावर शिव्या देतेय!"

"चांगल्या देतेस."

"आणि तू मजेत चहा पितोयस! एक शब्द बोलला नाहीस!"

"बोलणार होतो. प्रत्येक घोटाला. पण तू बोलत होतीस... आणि मला वाटलं, अजून थोडं ऐकावं."

ती उठली. खुर्ची पडली. वेटरसुद्धा दबकून मागे सरला. दारापर्यंत जाऊन ती परत आली, ताटलीतला उरलेला अर्धा बन उचलला आणि निघून गेली. राग वेगळा, बन वेगळा.

*

रविवारभर पुईसान त्या खोलीत, पलंगावर मांडी घालून, धुमसत लिहीत बसली. त्याचं ऐकायचं नव्हतं. पण आचाऱ्यांचं बोलणं कागदावर उतरायला लागलं आणि रिपोर्टला अशी धार आली, की तिचा राग अजूनच वाढला. मेल्याचं बरोबर होतं!

आणि एक नवीनच भीती. आता लाजेखातर पास केला तर? दया म्हणून? काकांसमोर हरलेलं परवडलं, पण दयेची नोकरी? थू!

सोमवारी सकाळी रिपोर्ट वर गेला. दुपारी परत आला.

परत!

शेवटच्या ओळीतला एकुलता एक 'नक्की' खोडला होता.

लिफ्टची वाट न बघता ती जिना चढली. बाविसावा मजला माना वळवून बघायला लागला. त्याच्या टेबलावर कागद आपटून ती म्हणाली, "परवा एवढ्या शिव्या खाल्ल्यास, आणि तरी परत पाठवलास?"

"शिव्यांना घाबरून पास केला असता," चाकलाम हळू आवाजात म्हणाला, "तर ते तू मला आयुष्यभर ऐकवलं असतंस."

"आयुष्यभर? इथे आहे किती दिवस मी?"

"शुक्रवारपर्यंत नक्की." त्याने चष्मा वर सरकवला. कान लाल झाले होते. "पुढेही... शक्यता आहे. बाकीचा रिपोर्ट फार चांगला झालाय, पुईसान. तो टोफूवाला आचारी तर..."

"माझ्याशी गोड बोलू नकोस!" ती ओरडली आणि धाडधाड जिना उतरली. पण चौदाव्या मजल्याच्या आसपास तिला हसू फुटलं. कुणी बघत नव्हतं म्हणून तिने ते येऊ दिलं.

तो शब्द तिने बदलला. रिपोर्ट पास झाला. शुक्रवारी बॉसने नोकरी पक्की केली आणि इपोच्या दुकानात काकांची तोंडं एवढीशी झाली.

पण हिशेब एक राहिला होता. पुलाखालचा.

*

"तुम्हाला माहीत होतं!" शनिवारी ती आत्यासमोर उभी राहिली. "तुमचा सख्खा भाचा! मागे उभा!"

"मग? मार हलका दिला का?" आत्या म्हणाली. "माझा खांदा दोन दिवस दुखत होता."

"मला परत मारायचाय. आज माझ्या हाताने."

"मार की. पण त्याचाच जोडा असेल तर जास्त लागतो म्हणतात. तो बघ, आलाच."

चाकलाम डबा घेऊन येत होता. तिला बघून खांबाजवळ थबकला... आणि मग मुकाट पुढे आला.

"बूट काढ," पुईसान म्हणाली.

काढला. कडक इस्त्रीची पॅंट, टाय, आणि एका पायात नुसता मोजा. त्यालाही अंगठ्याशी भोक. आजूबाजूच्या बायका हातातलं काम सोडून बघायला लागल्या.

आत्याने त्याच्या नावाचा नवा पांढरा कागदी माणूस विटेवर ठेवला आणि पुईसानने बूट उचलला. "हे सूप सांडून गप्प बसल्याबद्दल! हे 'घरी आ-लाम म्हणतात' बद्दल! हे 'बिचारा' बद्दल!" पहिला फटका जोरात बसला. दुसरा मध्यम. तिसऱ्याला बूट नुसताच कागदावर टेकला, आणि तिथेच राहिला.

आत्याने शांतपणे लाल कागद काढला. दुष्टाला हाकलल्यावर भल्या माणसाला आवतण द्यायचं, ही इथली रीत. या कागदावर त्याचं नाव. "बोल, वर्षभर कोण पाठीशी उभा राहावा?"

पुईसानने चपलेने जमीन उकरली. ट्राम गेली. दुसरी आली.

"तोच," ती पुटपुटली.

"कोण तोच?"

"आत्या, छळू नका. लिहिलेलं आहे ना नाव एकदा!"

"एकाच माणसाला जोडाही आणि आवतणही? एवढी वर्षं इथे बसले, असलं गिऱ्हाईक नाही बघितलं," आत्या कुरकुरली, पण लेखणी आधीच चालू झाली होती.

चाकलामने घसा साफ केला. एका पायावर तोल जात होता. "पुईसान, मी... म्हणजे मला असं वाटण्याची शक्यता आहे, की कदाचित माझं..."

तिने बूट वर उचलला. "खोड ते."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. "नक्की."

आत्याने कौल लावायचे लाकडाचे दोन तुकडे फेकले. एक पालथा पडला, एक उताणा. देव हो म्हणाला होता. ज्यांच्याशी काही संबंध नव्हता अशा चार बायकांनी टाळ्या वाजवल्या.

लाल कागद पेटला आणि धूर वळणं घेत पुलाच्या पोटाला जाऊन लागला. चाकलामचा हात तिच्या खांद्यावर होता... तोल सावरायला म्हणे. तिने तो काढला नाही.

"आता हा दे," आत्याने ठेचलेल्या पांढऱ्या कागदाकडे हात केला. "हाही जाळून टाकायचा असतो."

पुईसानने कागद उचलला, नीट घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

"तो कशाला?" चाकलाम घाबरून म्हणाला.

तिने त्याचा बूट त्याच्या हातात दिला आणि पहिल्यांदा, अगदी मनापासून, त्याच्याकडे बघून हसली.

"परत लागेल," ती म्हणाली. "शक्यता आहे."