चावी काढली तरी

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल पुढे जावं. मी कुणाची समजूत घालायला बसलेलो नाही. हे माझ्या सख्ख्या मामाच्या अंगणात घडलंय. मध्यरात्री नाही, अमावस्येला नाही... भर दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात.

सतरा दिवस झाले. अजून संपलेलं नाही.

मामा मेकॅनिक. उभा जन्म पेट्रोलच्या गाड्यांत गेला. त्याची स्वतःची जुनी फोर-बाय-फोर, तीही पेट्रोलचीच. मामीच्या दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. हॉस्पिटल नदीच्या पलीकडे आणि पूल दुरुस्तीसाठी तोडलेला. जायचं तर पाण्यातूनच.

एके दिवशी पाणी वाढलं आणि गाडी नदीच्या मधोमध बंद पडली. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, आणि ठिणगीला पाणी चालत नाही. काठावरच्या लोकांनी दोर लावून गाडी मागे ओढली. डायलिसिस हुकलं.

मग पुढचंही हुकलं.

मामीचे पाय सुजले. मग चेहरा सुजला. आडवं झालं की तिला धाप लागायची, म्हणून ती भिंतीला टेकून बसूनच रात्र काढायची. मामा तिच्याकडे बघायचा आणि उठून बाहेर जायचा. त्याला ते बघवत नव्हतं.

"डिझेल इंजिन टाकतो गाडीत," एका सकाळी तो म्हणाला. डिझेलला ठिणगीची गरजच नसते.

भंगारवाल्याकडे एक जुनं इंजिन पडलेलं होतं. कुठल्या गाडीचं म्हणून विचारलं, तर तो दुसरीकडे बघायला लागला.

"पाण्यातून काढलेल्या गाडीचं आहे. पण मोकळं फिरतंय. न्यायचं तर न्या, जास्त विचारू नका."

मामाने जास्त विचारलं नाही. तिथेच चुकलं, असं तो आता म्हणतो. पण मी त्याच्या जागी असतो तरी विचारलं नसतं.

तीन दिवस तो आणि त्याचा मित्र वेल्डर गाडीत डोकं घालून होते. पेट्रोलचं इंजिन उतरवलं. डिझेलचं बसेना, म्हणून चासीवरचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचे ब्रॅकेट कापून पुन्हा वेल्ड केले. गिअरबॉक्सशी जुळवायला जाड लोखंडी प्लेट बनवली. मामी दारातल्या खुर्चीत बसून बघत होती.

"वहिनी, आता नदी काय, समुद्रातून नेतो तुम्हाला," वेल्डर म्हणाला.

"आधी चालू तर होऊ दे," मामी हसली. तेवढ्यानेही तिला धाप लागली.

चौथ्या दिवशी दुपारी चारला मामाने चावी फिरवली.

एका झटक्यात चालू. धड... धड... धड...

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने चावी फिरवून काढून घेतली.

इंजिन चालूच.

वेल्डर पोट धरून हसला. "अरे शहाण्या, ही काय तुझी पेट्रोलची गाडी आहे चावीने बंद व्हायला? जुनं डिझेल आहे! इंजिन बंद करायची केबल कुठाय?"

ती बसवायचीच राहिली होती. जन्मभराची सवय, दुसरं काय! मामाने कपाळावर हात मारून घेतला. बॉनेटखाली वाकून त्याने डिझेल पंपावरचा दांडा हातानेच दाबला. तो दाबला की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं.

दाबला...

इंजिन चालूच.

वेल्डरने डिझेलचा पाइप सोडला. डिझेल मातीत सांडलं.

धड... धड... धड...

आता कुणी हसत नव्हतं.

"स्वतःचं ऑइल पीत असेल," वेल्डर म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता. ऑइल पिणारं इंजिन पिसाळतं, किंचाळतं, धुराचे लोट सोडतं. इथे धूर नव्हताच. गाढ झोपलेल्या माणसासारखी एक लय होती. मामाने हळूच इंजिनावर हात ठेवला. वीस मिनिटं चालू असलेलं इंजिन...

थंडगार होतं.

एकच उपाय उरला होता, हवा तोडायचा. मामाने हवा ओढणाऱ्या पाइपच्या तोंडावर फळी दाबून धरली. आवाज जड झाला.

धड... ... धड... ...

मागे खुर्ची आदळली.

मामी दारात पडली होती. ओठ निळे. छाती हलत नव्हती.

मामाच्या हातातून फळी गळून पडली. इंजिनाने हवा ओढली...

आणि त्याच क्षणी मामीने.

योगायोग, असं मामाने स्वतःला बजावलं. डिझेलचा पाइप जोडला, मामीला उचलून गाडीत ठेवलं आणि तिघं निघाले. थांबत नाही तर नाही, चालतंय तर खरं! नदीत पाणी बॉनेटपर्यंत आलं. इंजिनाचा एक ठोकासुद्धा चुकला नाही.

हॉस्पिटलच्या दाराशी गाडी तशीच चालू ठेवून वेल्डर थांबला. आत सिस्टरने मामीचं मनगट धरलं, घड्याळात बघितलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग वैतागून म्हणाली,

"बाहेरची ती गाडी बंद करा हो. तिचे आणि यांचे ठोके मला वेगळे मोजता येईनात."

मामाने वळून दाराबाहेर बघितलं.

तेवढ्यात बाहेरचा आवाज जड झाला... आणि मामीचे डोळे फिरले.

मामा जीव खाऊन पळाला. इंजिन एकदाचं थांबावं म्हणून बिचाऱ्या वेल्डरने हवेच्या पाइपात ओलं पोतं कोंबलं होतं. मामाने ते उपसून काढलं आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, गाडीला मिठी मारून रडला.

त्या दिवसापासून इंजिन बंद झालेलं नाही. टाकी केव्हाच कोरडी पडली आहे. मामीची सूज उतरली, ती जेवते, आडवी झोपते. डॉक्टर खूश आहेत. मामा मात्र गाडीशेजारी खाट टाकून पडलेला असतो. कान आवाजाकडे.

पण डिझेल लागलं नाही तरी इंजिनाला ऑइल लागतंच. मामा रोज वरून ओततो. परवा ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली, तर ऑइल डांबरासारखं काळं आणि त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. आतून खटखट यायला लागली आहे.

ऑइल बदलायलाच हवं. आणि त्यासाठी इंजिन बंद करावं लागतं.

मामीला सगळं माहीत आहे. तिनेच मामाला सांगितलं, "बदलून टाका. कालपासून माझ्या छातीत खटखटतंय."

उद्या सकाळी दहाला ते चालू इंजिनाचंच ऑइल बदलणार आहेत. वेल्डर खालून बूच सोडणार, मामा वरून नवीन ओतत राहणार. मधले काही क्षण आत काहीच नसेल.

मामाचा आत्ताच फोन आला होता. "तू ये. मामीच्या मनगटावर बोटं ठेवून बस. ठोके थांबले तर ओरड."

मी जाणार आहे. पण मी ओरडल्यावर ते दोघं काय करणार, हे मामाने सांगितलं नाही. आणि मला विचारायचा धीर झाला नाही.